अंशतः मान्य

नगरपरिषदेच्या मागच्या भिंतीवर,
जिथं बकऱ्या कागद खातात,
तिथं डकवली होती नोटीस :
प्रारूप प्रभाग रचना.
हरकती व सूचना असल्यास
सात दिवसांच्या आत. लेखी.
खाली शिक्का, निम्मा उमटलेला.

गिरणीचा पट्टा तुटला म्हणून मी त्या वाटेनं गेले.
तुटला नसता तर
आमचं मानवत नकाशात कसं दिसतं
हे मला कधी कळलंच नसतं.

आमची गल्ली मधोमध चिरलेली,
शेंग सोलावी तशी.
मशिदीकडची ओळ सातमध्ये,
पाराकडची आठमध्ये,
अन् रेघ गेलेली नेमकी
गटारावरून.

मागची पाच वर्षंही हेच.
सातचे म्हणायचे, ते आठकडं येतं.
आठचे म्हणायचे, सातला विचारा.
आणि सोजरबाईच्या उंबऱ्यात पाणी,
ना सातचं ना आठचं,
नुसतं काळं.

मी कॅलेंडरच्या पाठीवर नोटीस उतरवली
आणि तराजूच्या वर चिकटवली.
दळण टाकलं की माणूस अर्धा तास मोकळा असतो,
मोकळा माणूस भिंत वाचतो.
पद्मीनबाई म्हणाल्या, आपलं कोण ऐकायलंय बाई.
वेल्डिंगवाले हाफिजभाई म्हणाले,
लेखी म्हंजे किती लेखी?
आणि भास्करकाका, रिटायर वायरमन,
कोणत्या खांबावरून कोणाच्या घरात उजेड जातो
हे तोंडपाठ असलेला माणूस,
त्यांनी बाजरीच्या पोत्यावर कागद पसरला
आणि खांबांच्या नंबरावरून
नवी रेघ ओढली.

एकसष्ट सह्या. नऊ अंगठे.
एक अंगठा नुसत्या पिठाचाच उमटला,
तो परत घेतला.

आवक खिडकीतला बाबू म्हणाला, कोणत्या पक्षाचं?
मी म्हणाले, गिरणीचं.
त्यानं कागद ट्रेमध्ये टाकला.
मी हललेच नाही. पोच द्या म्हणाले.
पोच मागायची असते
हे काकांनी वाटेत शिकवलं होतं :
आपण बोललो होतो याचा पुरावा
त्यांच्याच शाईत.

सुनावणी परभणीला.
चौघं निघालो सकाळच्या गाडीनं,
कोल्ह्यापर्यंत उभ्यानं.
दहाला बोलावलं, तीनला पुकारलं,
तेही आडनाव चुकवून.
मी पाठ केलेलं सगळं विसरले.
तेव्हा पद्मीनबाई पुढं झाल्या,
आपलं कोण ऐकायलंय म्हणणाऱ्या.
साहेब, माझी चूल सातात हाय
अन् माझी मोरी आठात.
मी भांडू कोणाशी?

साहेब हसले नाहीत.
एक ओळ लिहून घेतली.
पुढचे, म्हणाले.

येताना कोणी फारसं बोललं नाही.
हाफिजभाईंनी पेरू घेतले, चौघांना चार,
मीठ मागून घेतलं वरनं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला,
त्याच भिंतीवर, त्याच बकऱ्यांच्या पुढ्यात :
हरकत अंशतः मान्य.
रेघ सरकली होती. पण पूर्ण नाही.
चौदा घरं अलीकडं आली,
शेवटची चार तिकडंच राहिली.
सोजरबाई आत.
हाफिजभाई बाहेर,
ज्यांची सही पहिली होती.

मला त्यांना सांगायला तोंड नव्हतं.
दुपारी तेच आले, गव्हाचा डबा घेऊन,
कॅलेंडरची पाठ वाचली नव्यानं,
आणि म्हणाले,
चला, आता आठमध्येबी
आपला एक माणूस हाय.

गटार अजून तुंबतं.
फक्त आता हाक मारायला
एकच नाव आहे,
आणि त्या नावाला आमची गिरणी कुठं आहे
ते माहीत आहे.

तराजूच्या वर नवा कागद लावलाय :
सर्वसाधारण सभा, मंगळवारी अकराला.
मागच्या बाकावर बसता येतं.
बोलता येत नाही,
पण कोण काय बोललं ते ऐकू येतं.
मंगळवारी गिरणी बारानंतर.

ती पोच डब्याखाली ठेवलीय.
पिठानं पांढरी झालीय.
शिक्का दिसतो.